नव्वद किलोमीटर कशासाठी?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या डिसेंबरमध्ये आपल्या मंडळातल्या आम्ही काही जणांनी इंदूरहून महेश्वरपर्यंत सायकलने जाऊन कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवला. त्याबद्दल दोन शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी सुचवले, म्हणून उभे आहोत. सरकारी नोकरीत आमचे आयुष्य माप पुस्तिका भरण्यात चालले आहे, भाषणाची सवय नाही. तेव्हा जे झाले ते क्रमाने सांगतो. त्यातून एक प्रश्न निघाला, तो तुमच्यापुढे ठेवतो आणि एक विनंती करून खाली बसतो.

आम्ही म्हणजे नऊ जण. तिघे लोकनिर्माण विभागातले उपयंत्री, पॉलिटेक्निकच्या एकाच वर्गातले. दोन शिक्षिका, एक परिचारिका, एक किराणा दुकानदार, एक कॉलेजातला मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका, वय वर्षे ६१. नऊपैकी दोघांकडेच गिअरची सायकल होती. बाकी सगळ्या साध्या, एक तर काकांच्या लग्नातली. दहावे गृहस्थ सायकलवर नव्हते, मागून येणाऱ्या छोट्या हत्तीत बसले होते. ते आमच्या विभागात समयपाल आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगणार आहोत, कारण खरे तर हे सगळे त्यांच्यापासूनच सुरू झाले.

समयपालांनी वीस वर्षे पुडी खाल्ली. आधी तोंडात तिखट लागेनासे झाले, मग तोंड उघडेनासे झाले. गालाच्या आत जखम झाली, ती चार महिने ग्लिसरीन लावून झाकली. शेवटी तपासणी झाली तेव्हा उजवीकडचा अर्धा जबडा काढावा लागला. पुढे किरणोपचार झाले. आज ते कामावर येतात. हळू बोलतात, पातळ जेवतात. ऑफिसात आम्ही सगळे रोज त्यांच्या शेजारी बसत होतो आणि त्या चार महिन्यांत कोणालाही काही कळले नाही. आपल्यासाठी काय करता येईल असे त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “माझे झाले. पुढच्याचे बघा.”

त्याच सुमारास आमच्यातल्या शिक्षिकाबाईंचा भाचा सुट्टीवर आला होता. तो बोस्टनला असतो. तिकडे दर वर्षी ऑगस्टमध्ये पॅन-मॅस चॅलेंज नावाची सायकलफेरी निघते, ती त्याने पाहिली होती. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. बिली स्टार नावाच्या तरुणाची आई त्वचेच्या कर्करोगाने वारली. १९८० साली त्याने मित्र गोळा केले आणि ३६ जण मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाऊनला सायकलने गेले. त्या पहिल्या वर्षी जमले १०,२०० डॉलर. आज हजारो लोक त्यात असतात आणि २०२४पर्यंतची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. सगळे पैसे डॅना-फार्बर या कर्करोग संस्थेला जातात. त्यातला एक नियम आम्हाला फार आवडला. प्रत्येक स्वाराने किती रक्कम आणायची ते आधी ठरते, आणि कमी पडली तर ती त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. नुसती सायकल चालवून टी-शर्ट घेऊन घरी जायची सोय नाही.

आम्ही तो नियम उचलला. माणशी १० हजार. आता पैसे जमवणे आपल्या मंडळाला शिकवावे लागत नाही. गणपतीची वर्गणी गोळा करण्यात आपल्या चार पिढ्या गेल्या आहेत. पावती पुस्तक छापले, त्यावर ‘कर्करोग संशोधनासाठी, टाटा स्मारक रुग्णालय, मुंबई’ असे स्पष्ट लिहिले आणि घरोघरी निघालो.

पण गणपतीच्या वर्गणीला दार उघडते तसे हे दार उघडत नव्हते. कर्करोग शब्द काढला की घरातले बोलणे एकदम खाली यायचे. काही जण म्हणाले, “सणासुदीचे कशाला ते नाव?” पैसे मात्र देत होते. आणि पावती फाडून झाली, चहा झाला, आम्ही चपला घालू लागलो की कोणीतरी मागून जिन्यापर्यंत यायचे. आमच्याही सासूबाईंना होता. आमचा भाऊ त्यानेच गेला, आम्ही कावीळ सांगितली होती. ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी ५०० रुपये दिले आणि आमच्या परिचारिकाताईंना आत बोलावून विचारले, “गाठ दुखत नसेल तर ती साधीच असते ना गं?” ताईंनी त्यांना सांगितले की दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवी, आणि दोन दिवसांनी स्वतः बरोबर गेल्या. आजींचे ऑपरेशन झाले. त्या घरी आहेत, औषध चालू आहे. नाव सांगू नका पण गोष्ट जरूर सांगा, असे त्यांनीच सांगितले आहे. सुनेला त्रास नको म्हणून वर्षभर त्यांनी ती गाठ पदराआड ठेवली होती.

एकूण जमले १ लाख ३७ हजार ४५० रुपये.

प्रत्यक्ष फेरीबद्दल थोडक्यात सांगतो. रविवारी पहाटे साडेपाचला राजवाड्यासमोरून निघालो. थंडी चांगलीच होती. राऊ ओलांडून महूला पोहोचलो तेव्हा उजाडले होते, तिथे पोहे-जिलबी झाली. महूनंतर रस्ता हळूहळू चढत जातो. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. चढ डोळ्यांना दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. आम्ही रस्त्याच्या कामातली माणसे चढउतार कागदावर आकड्यात लिहितो. तो आकडा म्हणजे काय असतो, ते त्या दिवशी पायांनी शिकवले. सकाळी दहाच्या सुमारास जाम दरवाजाशी आलो. अहिल्यादेवींच्या काळातला हा दरवाजा विंध्याच्या अगदी कडेवर उभा आहे. इथे माळव्याचे पठार संपते आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. पुढे घाटाची तीव्र वळणे. तिथे पायडल मारायचे कामच नाही, सगळी परीक्षा ब्रेकची. दोघांचे ब्रेकचे रबर झिजल्यामुळे त्यांना सायकली हातात धरून उतरवल्या. एक पंक्चर झाले. खाली हवा एकदम बदलली, कापसाची शेते लागली, अंगातले स्वेटर निघाले. मंडलेश्वरवरून महेश्वरच्या घाटावर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काका सगळ्यांत शेवटी आले, पण सायकलवरून आले.

नर्मदेत पाय सोडून बसलो, डबे उघडले. समयपालांनी आपला ताकभात काढला. जेवता जेवता त्यांनी हळूहळू, एकेक शब्द जुळवत विचारले, “वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक जण होता. पैसे संपले म्हणून किरणांचा उपचार अर्ध्यात सोडून गावाला गेला. तुमचे हे सव्वा लाख त्याला दिले असते तर? संशोधन तर मोठ्या लोकांचे. त्याला सरकार आहे, कंपन्या आहेत.”

बंधुभगिनींनो, घाटावर त्या वेळी कोणालाही उत्तर देता आले नाही. ज्याच्यासाठी आपण निघालो त्यानेच असे विचारल्यावर काय बोलणार? परत येताना सायकली गाडीत आणि आम्ही त्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेलो. सगळ्या वाटेत हीच चर्चा होती. घरी आल्यावर आम्ही शोध घेतला. संशोधन म्हणजे नेमके काय होते, कोण करते, त्याला किती लागते. जे हाती आले त्यातल्या तीन गोष्टी सांगतो. तिन्ही आपल्या भागातल्या आहेत.

पहिली गोष्ट उस्मानाबाद जिल्ह्याची, म्हणजे आजच्या धाराशिवची. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ साली ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली. कोणत्या गावात कोणाला कोणता कर्करोग झाला याची वही ठेवायची, एवढेच ते काम. ऐकायला अगदी कारकुनी वाटते. पण मोजल्याशिवाय अंदाजपत्रक होत नाही हे आम्हाला कोणी सांगायला नको. त्या पायावर १९९९मध्ये टाटा रुग्णालय, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेत ओळखायला कोणती तपासणी चांगली, हा प्रश्न. आठ वर्षे पाठपुरावा केला. ज्या गटात विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे या कर्करोगाने ३४ बायका दगावल्या. ज्या गटात नेहमीचीच व्यवस्था होती, तिथे ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली छापून आला आणि जगभर गाजला. शेतमजुरी करणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेले हे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट मुंबईतल्या झोपडवस्त्यांची. विषाणूची तपासणी महाग पडते, तिला प्रयोगशाळा लागते. मग स्वस्तात काही होईल का? टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने १९९८पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण दिले. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचे. व्हिनेगर म्हणजे तेच, जे आपण चायनीजवर घालतो. दर दोन वर्षांनी ही तपासणी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत हे मांडले गेले.

तिसरी गोष्ट स्तनाच्या कर्करोगाची. टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ रुग्णालयांत सुमारे १,६०० रुग्ण स्त्रियांवर हा प्रयोग झाला. ऑपरेशनआधी काही मिनिटे गाठीभोवती भूल देण्याच्या साध्या औषधाचे, लिग्नोकेनचे, इंजेक्शन द्यायचे. दात काढताना देतात ते. पाच वर्षांनी पाहिले, तर इंजेक्शन न दिलेल्या गटात शंभरात ८६ जणी हयात होत्या आणि दिलेल्या गटात ९०. शंभरात चार म्हणजे थोड्या वाटतात. पण त्या चौघींतली एक आपल्या घरातली असली तर? अशा जुन्या, स्वस्त औषधावर खर्च करून कोणत्या कंपनीला नफा व्हायचा? तो प्रयोग दहा वर्षे चालवायला सार्वजनिक पैसाच लागतो.

आणि आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त लागली ती सांगतो. उस्मानाबादच्या अभ्यासाला पैसा आला अमेरिकेतल्या गेट्स प्रतिष्ठानाकडून. मुंबईच्या अभ्यासाला पैसा आला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडून. डॉक्टर आपले, बाया आपल्या, आजार आपला आणि पैसा मात्र दुसऱ्यांचा. त्यांचे उपकारच आहेत. पण पुडीने होणारा तोंडाचा कर्करोग जितका आपल्याकडे आहे तितका त्यांच्याकडे नाही. त्यावरचे संशोधन त्यांनी का करावे?

आपल्याकडे ही परंपरा नाही असे मात्र नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर सर दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी स्वतंत्र निधी ठेवला. तोही पुढच्याच वर्षी, १९३२ साली. टाटा स्मारक रुग्णालय १९४१मध्ये त्यांच्याच न्यासाने उभारले. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने, आणि तिथे पेशींवर काम करणाऱ्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या. आपल्या मुलामुलींना हे दोघे माहीत असावेत.

आणि आपण इंदूरचे. अहिल्यादेवींनी खासगीच्या उत्पन्नातून काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या विहिरींवर पाणी पिणाऱ्याचे नाव त्यांना कधी कळणार नव्हते. आम्हाला वाटते, संशोधनाला दिलेला पैसा तसाच असतो. कोणाची तहान भागली ते देणाऱ्याला दिसत नाही.

हे सगळे आम्ही समयपालांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण माझ्या शेजारचा माणूस त्याने परत येत नाही.”

तेही खरेच आहे. आकड्यांनी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही, आणि ते पूर्ण झाले असे आम्ही इथे सांगणार नाही. पावतीवर ‘संशोधनासाठी’ लिहिले होते, म्हणून जमलेली सगळी रक्कम धनादेशाने मुंबईला पाठवली आणि सोबतच्या पत्रात तसे नमूद केले. ज्याने ज्यासाठी दिले त्यासाठीच ते गेले पाहिजे, हा वर्गणीचा पहिला नियम. पण पुढच्या पावती पुस्तकात आम्ही दोन रकाने ठेवणार आहोत. एक संशोधनाचा आणि एक उपचार अर्धवट सुटू नये म्हणून रुग्णाच्या गाडीभाड्याचा, राहण्याजेवण्याचा. उपचाराच्या खर्चाला २०१८पासून आयुष्मान योजना आहे, तिचा पात्र कुटुंबाला मोठा आधार होतो. पण रोज साठ किलोमीटरवरून किरणोपचाराला यायचे तर बसभाडे, बुडालेली मजुरी आणि बरोबरच्या माणसाचे जेवण असतेच. माणूस तिथेच हार मानतो. देणाऱ्याने कोणत्या रकान्यात द्यायचे ते स्वतः ठरवावे. हा दुसरा रकाना समयपालांचा आहे आणि त्याचा हिशेबही तेच ठेवणार आहेत. हजेरीपट ठेवणारा माणूस, पैशाचा हिशेब चुकणार नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “संशोधनवाल्यांना विचारा, एवढे माहीत असून माणूस पुडी का सोडत नाही, त्यावरही करा म्हणावे संशोधन.” आपल्या मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२पासून बंदी आहे, देशात सर्वांत आधी आपण बंदी घातली. आज पानमसाला एका पुडीत मिळतो, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही एकत्र होतात तळहातावर. आमच्यातल्या दुकानदारांनी फेरीच्या आदल्या दिवशी दुकानातली पुड्यांची माळ उतरवली. विक्री घटली, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. माळ अजून परत टांगलेली नाही.

आता विनंती, आणि मग आम्ही बसतो.

पुरुष मंडळींनी आज घरी जाऊन आरशासमोर उभे राहावे. हाताची मधली तीन बोटे एकत्र करून, एकावर एक अशी उभी, तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील तर दात किंवा तोंडाच्या डॉक्टरांना दाखवावे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, तर ग्लिसरीन लावत बसू नये. आणि नुसती सुपारी चालते असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४मध्येच जाहीर केले आहे.

भगिनींनी तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. छातीत गाठ लागली, मग ती दुखो वा न दुखो, आठवड्याच्या आत दाखवावी. घरात लग्न आहे, परीक्षा आहे, पाहुणे आहेत, ही कारणे आपल्याकडे कधीच संपत नाहीत. सुनांनी सासूबाईंना विचारावे. आमच्या आजींना वर्षभर कोणी विचारले नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत. विचारल्यावर लगेच बोलल्या.

आणि मंडळाला विनंती अशी की गणपतीच्या वर्गणीच्या पुस्तकाशेजारी दर वर्षी हे दुसरे पुस्तकही ठेवावे. सायकल चालवलीच पाहिजे असे नाही. ज्यांना चालवायची आहे त्यांच्यासाठी येत्या डिसेंबरमधल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला राजवाड्यासमोरून पुन्हा निघायचे आहे. माणशी १० हजार, कमी पडले तर स्वतःचे. ब्रेकचे रबर आधी तपासून घ्यावे. नावे कार्यवाहांकडे द्यावीत. काकांनी आपले नाव सर्वांत आधी दिले आहे.